मोठेबाबांच्या पेटीतलं आकाश विकायचं कसं

मोठेबाबांची तेरवी झाली आणि पाचव्या दिवशी रद्दीवाला दारात उभा. "ताई, कागद हाये अन् थोडा पत्रा हाये. कागदाचे चौदा देतो." माझी पिठाची चक्की आहे, त्यामुळे काट्यावर माझा विश्वास जास्त. मी पेटीतलं सगळं आमच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं. तेवीस किलो भरलं. म्हणजे ३२२ रुपये. बाबा ओट्यावरून एवढंच म्हणाले, "भाऊनं लय जीव लावला होता याले." मी रद्दीवाल्याला चहा पाजून परत पाठवला.

मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. १९६१ मध्ये अंतराळात गेलेला पहिला माणूस, युरी गागारीन, भारतात आला, त्या वर्षी त्यांनी वहीत पहिलं कात्रण चिकटवलं. पुढं तीसेक वर्षं ते अमेरिकन आणि रशियन वकिलातींना, नासाला आणि इस्रोला पोस्टकार्डं लिहीत राहिले आणि तिकडून फोटो, पत्रकं, बिल्ले येत राहिले. शिवाय पोस्टाची तिकिटं. हे सगळं विकायला मला दीड वर्ष लागलं. कोणाच्या घरी अशी पेटी निघाली तर त्याचं निदान सहा महिन्यांचं काम वाचावं, म्हणून लिहिते आहे.

आधी मालक कोण ते ठरवा. मोठेबाबांनी लग्न केलं नव्हतं, मृत्युपत्र नव्हतं, आजी-आजोबा कधीच गेलेले. अशा वेळी हिंदू वारसा कायद्यानं हक्क हयात भाऊ-बहिणींचा, म्हणजे बाबांचा आणि माझ्या दोन्ही आत्यांचा. मी पुतणी, माझ्या वाट्याला कायद्यानं एक तिकीटही येत नाही. मी यादी केली, तिघांच्या सह्या घेतल्या, विक्री मी करीन आणि खर्च वजा जाता पैसे तिघांत समान जातील असं खाली लिहिलं. आधी सह्या, मग विक्री. पैसे आल्यावर आठवण येणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात, आमच्याकडंही निघाले.

दुसरी गोष्ट, काही साफ करू नका. मी केलं. सगळ्यात चांगल्या पाकिटांपैकी एकावर केनेडी स्पेस सेंटरचा १६ जुलै १९६९ चा शिक्का होता, म्हणजे अपोलो ११ उडालं त्याच दिवसाचा. फ्लोरिडातल्या एका पत्रमित्रानं पाठवलं होतं. वर पिठासारखी धूळ बसलेली. धूळ पुसायचा मला धंद्यानंच हात बसलेला, म्हणून ओलसर फडकं फिरवलं. शिक्का छापाच्या शाईचा, तो टिकला. पण पत्ता फाउंटन पेननं लिहिलेला होता. 'यवतमाळ'चं निळं डबकं झालं. आजही त्यातला 'य' तेवढा वाचता येतो. पुढं ते पाकीट विकलं गेलं, पण घेणाऱ्यानं त्या डबक्याचे पैसे कापले आणि ते बरोबरच होतं.

तेव्हा कोरडा मऊ ब्रश, बस्स. लॅमिनेशन तर अजिबात नाही, चुलतभाऊ हौसेनं दोन फोटो करून आला ते मातीमोल झाले. एकमेकांना चिकटलेली तिकिटं ओढू नका. पाकिटावरचं तिकीट कापून काढू नका, अख्खं पाकीट शिक्क्यासकट जास्त मोलाचं असतं. पेटी टिनाखाली असेल तर आधी मातीच्या खोलीत हलवा, आपल्याकडच्या मे महिन्यात टिनाखाली फोटो पापडासारखे वळतात. पावसाळ्यात जमिनीला टेकवू नका, वाळवीला विज्ञानाची आवड आहे. डांबरगोळ्या फोटोजवळ ठेवू नयेत. मी कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकला होता. त्यानं कसर पळते की नाही ते सांगता येत नाही, पण आत्याला समाधान वाटलं.

यादीसाठी शंभर पानी वही घ्या. प्रत्येक वस्तूला शिसपेन्सिलीनं नंबर द्या, पण वस्तूवर नाही, ती ज्या कागदात ठेवाल त्या कागदावर. मोबाईलवर पुढून, मागून असे दोन फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. आणि ज्या पाकिटातून जी वस्तू आली ती त्याच पाकिटात राहू द्या. हे मला उशिरा समजलं. पहिल्या आठवड्यात मी फोटोंचा एक गठ्ठा, पाकिटांचा दुसरा, पत्रांचा तिसरा असं 'नीट' लावून ठेवलं आणि मग कुठला फोटो कुठल्या पत्रासोबत आला हे मोठेबाबांच्या आवक वहीवरून जुळवायला अख्खा उन्हाळा गेला. वहीत त्यांनी तारीख, कुठून आलं, किती दिवसांनी आलं सगळं लिहिलं होतं. घेणाऱ्यांना असली वही वस्तूइतकीच हवी असते. वस्तू कुठून आली याचा कागद असला की खोटेपणाचा संशय उरत नाही.

आता माल. निम्म्याहून जास्त पेटीत दम नसतो हे आधी पचवा. मोठेबाबांचे दोन अल्बम अजमान, शारजा, फुजैरा, उम्म अल् कुवेन या आखातातल्या अमिरातींच्या तिकिटांनी भरलेले होते. सोनेरी कडा, अपोलोचे रंगीत चित्र, बघायला लग्नाच्या पत्रिकेसारखे झकास. साठ-सत्तरच्या दशकात या छोट्या अमिराती संग्राहकांसाठी ढिगानं तिकिटं छापत होत्या. ती मुलांना द्या. रशियन तिकिटांचंही पुष्कळसं तसंच, कोपऱ्यात नेटका गोल शिक्का आणि मागं डिंक शाबूत असेल तर ते कधी पत्रावर लागलंच नाही, छापखान्यातूनच शिक्का मारून विकलं गेलं. ॲल्युमिनियमचे रशियन बिल्ले, गागारीन, स्पुतनिक, व्होस्तोक, त्यांचा एकेकटा भाव फार नाही. तीसचाळीसचा संच एकत्र दिला तर बरे पैसे येतात.

भूतानची १९६७ ची तिकिटं मात्र वेगळी काढा. बोटानं चाचपलं तर रेघारेघांचं प्लास्टिक लागतं, हलवलं की अंतराळवीर पुढं येतो आणि मागं जातो. याला गिऱ्हाईक मिळतं.

आपल्या देशाची तिकिटं मनाला लागतात, पण भावाला नाही. आर्यभट्टाचं १९७५ चं २५ पैशांचं आणि राकेश शर्मांच्या उड्डाणाचं १९८४ चं तीन रुपयांचं, दोन्ही लाखांनी छापलेली. सुटं तिकीट चिल्लरच. पण पहिल्या दिवशीचं पाकीट, म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवशी शिक्का मारलेलं, त्यावर गावाचा किंवा शहराचा स्पष्ट शिक्का आणि खरोखर पोस्टातून आलेलं असेल तर किंमत वाढते. मोठेबाबांनी स्वतःलाच ती पाकिटं पाठवली होती. आम्ही हसायचो. त्याच पाकिटांना सगळ्यात आधी गिऱ्हाईक लागलं.

सगळ्यात रसाचा भाग फोटोंचा. नासाचे फोटो दोन जातींचे असतात आणि दिसतात सारखे. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचं भिंग आणा. एका जातीत भिंगाखाली रंगांचे बारीक ठिपके दिसतात आणि मागं माहितीचा मजकूर छापलेला असतो. ते छापील पत्रक, शाळांना आणि मागेल त्याला वाटायचे, भाव थोडा. दुसऱ्या जातीत ठिपके नसतात, रंग एकमेकांत विरघळलेले असतात. मागं फिकट अक्षरांत 'अ कोडॅक पेपर' असा मार्का आणि पुढं पांढऱ्या कडेत डाव्या कोपऱ्यात लाल शाईत नंबर. तो लाल नंबर दिसला की हात पुसा आणि कडा धरूनच उचला. आमच्याकडं असे नऊ निघाले. त्यातला एक तुम्ही हजारदा बघितलेला: चंद्रावर ऑल्ड्रिन उभा आहे आणि त्याच्या शिरस्त्राणाच्या काचेत फोटो काढणारा आर्मस्ट्राँग दिसतो, नासाचा फोटो क्रमांक एएस ११-४०-५९०३. जगात याच्या प्रती खूप आहेत, पण त्या काळी काढलेली लाल नंबराची प्रत आणि कालपरवाची प्रिंट यांत घरच्या तुपाइतका आणि डालड्याइतका फरक.

सहीवरून आमच्याकडं भांडण झालं. आर्मस्ट्राँगच्या फोटोवर सही होती आणि घरात सगळ्यांना ट्रॅक्टर दिसायला लागला. भिंगाखाली सहीतसुद्धा ठिपकेच निघाले, म्हणजे सही फोटोबरोबर छापलेली. तशी नसती तरी आणखी एक सापळा आहे: नासात सह्यांचं यंत्र होतं, पेन धरून हुबेहूब सही करणारं. खऱ्या माणसाच्या दोन सह्या कधी तंतोतंत जुळत नाहीत. तुमच्या सहीचा फोटो दुसऱ्या नमुन्यावर ठेवून रेघ न् रेघ जुळली तर ती यंत्राची. तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय सही 'खरी' म्हणून विकू नका, भानगड तुमच्या गळ्यात पडते. तसंच उड्डाणाच्या दिवसाचा शिक्का म्हणजे पाकीट यानातून जाऊन आलं असं नाही. अपोलो १५ च्या वीरांनी १९७१ मध्ये परवानगीविना सुमारे चारशे पाकिटं चंद्रावर नेली होती आणि त्यावरून मोठा गहजब झाला. आमचं पाकीट मात्र फ्लोरिडाच्या जमिनीवरूनच निघालं होतं.

काही वस्तू विकायच्याच नाहीत. पेटीत कापडात गुंडाळलेला काळा दगड होता. धाकट्या आत्यानं अर्ध्या गावाला सांगितलं होतं की भाऊकडं चंद्राचा दगड आहे. चिठ्ठी उलगडली तर मोठेबाबांच्या अक्षरात 'चंद्रासारखा दगड, लोणार'. मध्ये दोन अक्षरं जास्त होती. लोणारचं विवर काळ्या पाषाणात, अशनीच्या आघातानं झालेलं, म्हणून चंद्रावरच्या विवरांशी त्याची तुलना करतात, ते शाळेत हेच शिकवायचे. चंद्राचा खरा दगड असता तरी विकता आला नसता. अपोलोनं आणलेले ३८२ किलो दगड अमेरिकी सरकारच्या मालकीचे आहेत. लोणारचा दगडही संरक्षित जागेचा, तो मी शाळेत चिठ्ठीसकट ठेवला.

दुसरा तुकडा चुलतभावाचा. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला आकाशातून धातूचं कडं पडलं होतं, चिनी रॉकेटचा भाग असल्याचं मानलं गेलं. त्यानंतर कोणाकोणाकडं 'तुकडे' निघायला लागले. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अंतराळात पाठवलेल्या वस्तूची मालकी पडल्यावरही पाठवणाऱ्या देशाचीच राहते. असलं काही हाती असेल तर पोलीस ठाण्यात जमा करा. भावाचा तुकडा बहुतेक कल्टिव्हेटरचा होता, पण मी वाद घातला नाही.

आणि दोन रुपयांच्या नोटा. मागं आर्यभट्टाचं चित्र असलेल्या अकरा नोटा निघाल्या. शेजारच्या पोट्ट्यानं मोबाईल दाखवला, एका नोटेचे पाच लाख, आधी दोन हजार 'नोंदणी' भरा. ही शुद्ध फसवणूक आहे. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये आपल्या नावानं चालणाऱ्या अशा व्यवहारांबद्दल जाहीर इशारा दिला होता. आमच्या नोटा अजून चलनातल्या दोन रुपयांच्याच आहेत, ओवाळणीत घातल्या.

भाव काढताना मागितलेली किंमत बघू नका, विकलं गेलेलं बघा. ईबेवर 'विकलेल्या वस्तू' अशी गाळणी लागते, ती लावली की पन्नास हजार मागणाऱ्याचा माल पाचशेला गेलेला दिसतो. नागपूरच्या जीपीओतली, म्हणजे मोठ्या पोस्टातली, फिलाटेली (तिकीट संग्राहकांची) खिडकी जुनी तिकिटं विकत घेत नाही, पण तिथं रांगेत उभी राहणारी माणसं संग्राहक असतात. मी तीन फेऱ्या केल्या आणि तिथंच दोन खरी माणसं भेटली. एक व्यापारीही भेटला. त्यानं सगळं एकगठ्ठा बारा हजारांत मागितलं, बोलता बोलता लाल नंबराचे फोटो मात्र वर काढून ठेवत होता. मी म्हटलं, दादा, कापूस विकायला आले तर तुम्ही सरकी वेगळी काढून ठेवता. नुसते ते नऊ फोटो पुढं पुण्याच्या एका संग्राहकाला त्याहून जास्तीत गेले, आवक वहीच्या पानांच्या झेरॉक्ससह.

पैसे घेताना एकच नियम: पैसे येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. कोणी 'हा कोड स्कॅन करा, पैसे येतील' म्हटलं की फोन ठेवा. मला मिलिटरीतला साहेब म्हणून दोघांनी फोन केले. बँकेत जमा झाल्याचं पासबुकात दिसेपर्यंत माल हलवू नका.

पाठवताना फोटो गुंडाळू नका. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा, आधी प्लास्टिकच्या पिशवीत, कोपरे चिकटपट्टीनं पुठ्ठ्याला धरा, फोटोला नाही. स्पीड पोस्ट करा, विम्याचं विचारा, पावती जपा. आषाढ-श्रावणात मी काहीच पाठवलं नाही, आमच्या नाल्याला पूर आला की टपाल दोन दिवस एसटीतच भिजतं.

'सोव्हिएत लँड' या नियतकालिकाचे मराठी अंक आणि स्कायलॅबची, म्हणजे १९७९ मध्ये पृथ्वीवर कोसळलेल्या अमेरिकी अंतराळस्थानकाची, कात्रणं कोणी घेतली नाहीत. तेव्हा गावात लोक रात्री घराबाहेर झोपले होते म्हणे, छत कोसळलं तर म्हणून. आकाश कोसळलं तर बाहेर झोपून काय होणार, हे मोठेबाबा तेव्हा घरोघर समजावत फिरले. ते गठ्ठे मी त्यांच्याच शाळेच्या कपाटात ठेवले.

बिल्ल्यांचा संच बांधत होते तेव्हा थोरली आत्या दळण घेऊन आली. "मले त्याच्यातला एक दे, गागारीनचा. हिशोबात धर." संचात अडतीस होते, सदतीस झाले. घेणाऱ्याला फोन करून सांगितलं, त्यानं दोनशे कमी केले. आत्यानं बिल्ला पदराच्या पिनेशेजारी लावला, डब्यातलं पीठ चिमटीत घेऊन बारीक आहे का बघितलं आणि निघाली.