मोठेपणी पहिली सायकल घेताय? भीती वाटत असेल तर अशी निवडा

बडोद्यात सायकलच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो "बजेट केटलं?" आणि दुसरा "गिअरवाळी के सादी?", आणि आपण बावचळून कायतरी उत्तर देतो. पण चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदा सायकलवर बसणाऱ्या माणसाने या दोन्हीच्या आधी एकच बघायचं, सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात का. टेकले तर निम्मी भीती तिथेच जाते, नाही टेकले तर मग चाळीस हजाराची घ्या नाहीतर चार हजाराची, ती पार्किंगमध्ये धूळ खात पडणार.

दुकानात जायच्या आधी घरी एक माप घ्या. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मध्ये वरपर्यंत घट्ट धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायला कोणाला तरी सांगायचं. हे आकडे मोबाईलमध्ये लिहून ठेवा. सायकलच्या मधल्या दांड्यावर दोन्हीकडे पाय टाकून उभं राहिलात की दांडा या मापापेक्षा निदान एक-दोन इंच खाली पाहिजे, नाहीतर घाबरून पटकन उतरताना काय होईल ते सांगायची गरज नाही.

खरं म्हणजे दांडाच खाली वाकलेला असेल तर हा प्रश्नच येत नाही. म्हणजे ज्याला आपण लेडीज सायकल म्हणतो ती. काका लोकांना इथे जरा लाज वाटते, "लोक काय म्हणतील" वगैरे, पण विचार करा, तोल गेला की उंच दांड्याच्या सायकलवरून मागून टांग फिरवून उतरायला लागतं आणि नवशिक्याला तेवढा वेळच मिळत नाही, वाकलेल्या दांड्याची असेल तर नुसतं पुढे पाऊल टाकून उभं राहता येतं. गुडघे कुरकुरत असतील, साडी किंवा सलवार असेल, तर दुसरा विचार करूच नका. आणि चेनकव्हर पूर्ण पाहिजे, अर्धवट नको, ओढणी आणि पँटची मोहरी दोन्ही चेनमध्येच जातात.

चाकाचं माप विचारतील. जुन्या काळ्या सायकलींमध्ये २२, २४ म्हणायचे ते फ्रेमचं माप असायचं, आता २४, २६ म्हणतात ते चाकाचं, त्यामुळे घरातल्या आजोबांचा सल्ला आणि दुकानदाराचं बोलणं जुळत नाही, ते सोडून द्या. उंची पाच फुटाच्या आसपास असेल तर २४ बघा, त्याहून जास्त असेल तर २६, आणि २९ वगैरे सध्या नको. टायर मध्यम जाड, पावणेदोन इंचाच्या आसपास, म्हणजे खड्ड्यात हिसका कमी बसतो आणि ओढायलाही जड जात नाही. हँडल असं की पाठ ताठ राहील, पुढे वाकायला लागणारं नको, कारण वाकलं की वजन हातावर येतं आणि घाबरलेला माणूस हँडल आवळून धरतो.

गिअर? आपलं गाव सपाट आहे. चढ म्हणजे काय तर फ्लायओव्हर, आणि पहिले काही महिने तुम्ही फ्लायओव्हरवर जाणारच नाही आहात. साधी घ्या. फारच हौस असेल तर फक्त मागे सात गिअर असलेली, एकाच हाताने बदलता येतील अशी. एकवीस गिअर म्हणजे दोन्ही हातांना काम, आणि आपल्याला ते हात ब्रेकसाठी मोकळे हवेत. पुढचं सस्पेन्शन स्वस्त सायकलींमध्ये नुसतं वजन वाढवतं, त्याचे पैसे देऊ नका.

ब्रेकवर मात्र वेळ घालवा, दुकानदार कंटाळला तरी चालेल. लिव्हर बोटांना सहज पोचतो का बघा, हात लहान असेल तर लिव्हरच्या बुडाशी बऱ्याचदा एक छोटा स्क्रू असतो, तो आत पिळला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. मग पूर्ण दाबून बघा, लिव्हर हँडलला टेकता कामा नये. मग नुसता पुढचा दाबून सायकल पुढे ढकला, चाक जागेवर अडलं पाहिजे, तसंच मागचा दाबून. आपल्याकडे साधारण उजवा हात म्हणजे पुढचा ब्रेक, पण स्वतः दाबून खात्री करा, कारण वेगात नुसता पुढचा करकचून दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जाऊ शकतो. डिस्क ब्रेक दिसायला छान, पण रबरी गुटक्यांनी चाकाची कड दाबणारा व्ही-ब्रेक कोपऱ्यावरचा पंक्चरवालासुद्धा नीट करून देतो.

ऑनलाइन मागवली तर खोक्यातून अर्धवट जोडलेली येते. पायडलवर एल आणि आर लिहिलेलं असतं, आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने पिळून घट्ट होतं. जबरदस्तीने सुलट बसवलं तर आटे गेले म्हणून समजा. आणखी एक, पुढचं चाक धरणारा दोन पायांचा फोर्क उलटा तर बसला नाही ना? फोर्कचा वाक आणि (डिस्क नसेल तर) पुढचे ब्रेक दोन्ही पुढच्या बाजूला पाहिजेत. नुसतं घरी जोडण्यापेक्षा मेकॅनिकला दोन-तीनशे देऊन बसवून घेतलेलं बरं.

मुलगा कॅनडाला गेला आणि त्याची सायकल खाली पडून आहे, असं निम्म्या सोसायट्यांमध्ये असतं. सीट पूर्ण खाली करून पाय टेकत असतील तर वापरा, टायरला चिरा पडल्या असतील तर बदला. नाही टेकत तर भाच्याला देऊन टाका.

आता शिकणं. सीट इतकी खाली करा की तळवे पूर्ण टेकतील, आणि दुकानातच म्हणा, "भाई, पायडल काढी आपो." तो तुमच्याकडे बघेल, बघू दे. सकाळी लवकर मोकळ्या मैदानात, नवलखी म्हणा पोलो ग्राउंड म्हणा, नुसतं पायाने ढकलत चालायचं, मग ढकलून दोन्ही पाय जरासे उचलायचे, नजर समोर लांब, चाकाकडे नाही. पाय उचलून सायकल सरळ घरंगळायला लागली की पायडल लावा. मागून कोणी सीट धरून पळायची गरज पडत नाही. हात बसला की सीट थोडी थोडी वर घ्या, टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, तेवढी उंची योग्य. कायम खाली ठेवलीत तर गुडघे बोंबलतील.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, डोक्यावर मागे सरकवून नाही. घंटी जोरात वाजणारी, कारण मांडवीकडच्या गर्दीत आणि रस्त्यात ठाण मांडलेल्या गाईंपुढे नुसतं "अहो, अहो" चालत नाही. जानेवारीत उत्तरायणाच्या आधी आणि नंतर काही दिवस गळ्याला जाड मफलर गुंडाळा, मांजा दिसत नाही आणि गळा कापतो, चौदा-पंधराला तर सायकल घरीच राहू द्या.

हवा टायरच्या कडेवर लिहिलेल्या पीएसआयप्रमाणे, म्हणजे हवेच्या दाबाच्या आकड्याप्रमाणे, अंदाजाने दाबून नाही. नवीन सायकलच्या ब्रेकच्या तारा थोड्या दिवसांत ढिल्या पडतात आणि आरेही बसायचे असतात, म्हणून महिन्याभराने ती परत दुकानात न्यायला लागतेच, ती पहिली सर्व्हिस फुकट आहे का हे घेतानाच विचारा आणि बिलावर लिहून घ्या.