सेप्टुआजेनेरिअन, ऑक्टोजेनेरिअन वगैरे वयाचे इंग्रजी शब्द कसे लक्षात ठेवायचे (खास आपल्या बेळगाव भागातल्या मुलांसाठी)

एसएससीची (दहावीची नव्हे, सेंट्रलच्या नोकऱ्यांसाठी स्टाफ सिलेक्शन कमिशन घेतं त्या परीक्षेची) तयारी आत्ताच सुरू केलेल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मुलामुलींसाठी लिहितोय, त्यातही जे मराठी मीडियमचे आहेत आणि वन वर्ड सबस्टिट्यूशनचं (अख्ख्या वर्णनासाठी एकच शब्द ओळखायचा असतो ते) पान उघडलं की ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांच्यासाठी जास्त. मी पण खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेचाच, आता सेंट्रलच्या नोकरीत आहे, सुट्टीला गावी आलो की पोरांसोबत अभ्यासाला बसतो आणि दरवेळी कोणीतरी विचारतंच, "दादा, हे वयाचे शब्द पाठच होत नाहीत की ओ."

शब्द असे आहेत. ४० ते ४९ क्वाड्राजेनेरिअन, पन्नाशीतला क्विंक्वाजेनेरिअन, साठीतला सेक्साजेनेरिअन, सत्तरीतला सेप्टुआजेनेरिअन, ८० ते ८९ ऑक्टोजेनेरिअन, नव्वदीतला नॉनाजेनेरिअन, शंभरी गाठलेला सेंटेनेरिअन आणि ११० पासून पुढे सुपरसेंटेनेरिअन. विशीतल्याला विसेनेरिअन असा पण शब्द आहे पण तो पेपरात, बातम्यात कुठेच भेटत नाही, त्यावर वेळ घालवू नका. आधी सत्तरीपासून शंभरीपर्यंतचे चार पक्के करा, बाकीचे नंतर.

आता घोकंपट्टी का करायची नाही ते सांगतो. हे सगळे लॅटिन आकड्यांवरून आलेत आणि इथे आपल्याला एक फायदा आहे जो पुण्याच्या पोरांना नाही, आपल्याला कन्नड आकडे येतात. अरवत्तु म्हणजे आरु आणि हत्तु, सहा दहा, साठ. एप्पत्तु एळु वरून, एंबत्तु एंटु वरून. लॅटिनमध्ये पण डिट्टो तसंच, साठला सेक्सागिंता, त्यात सेक्स म्हणजे सहा. म्हणजे शब्दाचा पहिला तुकडा पकडला की दशक हातात आलं. (सेक्साजेनेरिअन म्हणताना क्लासमध्ये खसखस पिकते, मुली तर वाचायलाच लाजतात, पण तो नुसता सहाचा आकडा आहे हो, मोठ्याने म्हणा.) सात आठ नऊ साठी सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आठवा, रोमन लोकांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं म्हणून सप्टेंबर तेव्हा सातवा महिना होता. फक्त नव्वदीला नोव्ह नाही, नॉना लागतं, एवढं ध्यानात ठेवा.

पुढची पायरी म्हणजे प्रत्येक शब्दाला एक माणूस लावायचा. गायक कुमार गंधर्व आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे, जन्म १९२४, गेले १९९२ ला, वय ६७, सेक्साजेनेरिअन. वि. स. खांडेकरांना ज्ञानपीठ मिळालं तेव्हा ते सत्तरीत होते, सेप्टुआजेनेरिअन. पुलं, ज्यांनी आपल्या बेळगावच्या आरपीडी कॉलेजात शिकवलं, गेले तेव्हा ८० चे, म्हणजे ऑक्टोजेनेरिअन, ८० वा वाढदिवस झाला की त्याच दिवसापासून हा शब्द लागतो. गंगूबाई हनगल ९६, नॉनाजेनेरिअन. महर्षी कर्व्यांना शंभर पूर्ण झाली त्याच वर्षी, १९५८ ला, भारतरत्न मिळालं आणि ते १०४ वर्षं जगले, सेंटेनेरिअन. आणि तुमकूरच्या सिद्धगंगा मठाचे शिवकुमार स्वामीजी १९०७ ते २०१९, १११ वर्षं, सुपरसेंटेनेरिअनला ह्याहून जवळचं उदाहरण कुठलं?

गावातली एक मुलगी ह्याच्याही पुढे गेली. मराठी पेपरात अमृतमहोत्सव, सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो येतात ना, शाल घातलेले आजी आजोबा, ती ते कापून वहीत चिकटवते आणि खाली पेनाने शब्द लिहिते, अमृतमहोत्सव म्हणजे ७५, सेप्टुआजेनेरिअन, सहस्रचंद्रदर्शन ८१ च्या आसपास, ऑक्टोजेनेरिअन, साठीशांत झाली की सेक्साजेनेरिअन. तिची ती वही बघून मला फार बरं वाटलं, असा अभ्यास विसरत नाही माणूस.

आता ट्रॅप. मराठीत आपण "वयाच्या आठव्या दशकात" म्हणतो तेव्हा माणूस सत्तरीत असतो, पहिलं दशक शून्यापासून सुरू होतं म्हणून. इंग्रजी प्रश्नात एट्थ डिकेड दिसलं की हात सरळ ऑक्टोजेनेरिअनवर जातो, उत्तर सेप्टुआजेनेरिअन असतं. एसएससीच्या सीजीएल परीक्षेत टियर १ ला (पहिल्या टप्प्याला) इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० मार्क, चुकलं की ०.५० कट, त्यामुळे दशक आधी आकड्यात लिहून घ्या, मग ऑप्शन बघा.

आणि हे शब्द ओळखण्यासाठी आहेत, मिरवण्यासाठी नाहीत. निबंधात किंवा इंटरव्ह्यूला "माय ऑक्टोजेनेरिअन ग्रँडमदर" म्हणू नका, ते बातमीच्या भाषेत शोभतं, आजीबद्दल बोलताना इन हर एटीज म्हटलेलं कानाला बरं लागतं.

शेवटचं, सेंटेनरी आणि सेंटेनेरिअन. ऑप्शनमध्ये दोन्ही शेजारी शेजारी ठेवतात. सेंटेनरी म्हणजे शताब्दी, सेंटेनेरिअन म्हणजे शंभरी गाठलेला माणूस. कुमारजींची सेंटेनरी २०२४ ला झाली, ते स्वतः सेंटेनेरिअन नव्हते.