सिमेंटचे पत्रे उतरवण्याआधी भाडेकरूने करायची तयारी

पावसाळ्याआधी गळके पत्रे बदलायचे असतील, तर कागदांचे काम मार्चमध्येच सुरू करावे. आमच्या वाड्यातल्या मागच्या खोलीचे पत्रे मी मे महिन्याच्या अखेरीस, घरमालकांच्या "घ्या करून, मग बघू" एवढ्या तोंडी शब्दावर बदलले, सगळा खर्च भाड्यातून एकदम वळता केला आणि दिवाळीत थकबाकीची नोटीस हातात घेऊन बसलो. मी आधी कळवले होते हे दाखवणारा कागद माझ्याकडे नव्हता. म्हणून या यादीत एक शब्द पुन्हा पुन्हा येईल : पोच.

सर्वांत आधी आपण कायद्याने कोण आहोत हे करारात पाहावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, करारात उलट काही ठरले नसेल तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. पण हे कलम भाडेकरूसाठी आहे. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार करून राहणाऱ्याला त्याचा आधार मिळत नाही. त्याने सही करण्यापूर्वीच छताची दुरुस्ती कोणी करायची हे करारात लिहून घ्यावे.

दुसरी गोष्ट तक्रारीच्या भाषेची, आणि इथे बरेच जण फसतात. सिमेंटच्या पत्र्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असते, म्हणजे एक तंतुमय खनिज, ज्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. तरी आपल्याकडे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे बनवणे, विकणे आणि घरावर घालणे आजही कायदेशीर आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये या उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे जपायला सांगितले, कारण आजार दिसायला दशके जातात. मात्र ते निर्देश कामगारांसाठी होते, पत्र्याखाली राहणाऱ्यांसाठी नव्हेत. त्यामुळे "पत्रा ॲस्बेस्टॉसचा आहे" एवढ्यावर घरमालक हलणार नाहीत. पत्रा कुठे तडकला आहे, कुठून गळतो, बोल्टच्या भोकाभोवती किती झिजला आहे आणि त्याचा करडा भुगा खाली कुठे पडतो, असे दुरुस्तीच्या भाषेत लिहावे. तारखेसह फोटो जोडावेत. पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे नुसते पाहून कळत नाही. खात्री हवी असल्यास प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, नाहीतर आहे असेच धरून चालावे.

आता घरमालकाला द्यायची दुरुस्तीची नोटीस. किमान पंधरा दिवसांची, लेखी आणि पोचेसह. टपालाने पाठवावी किंवा हाती द्यावी, पण दुसऱ्या प्रतीवर सही आणि तारीख घ्यावी. सही द्यायला नकार मिळाला, तर तिथे वाद न घालता सरळ टपाल कचेरी गाठावी. फोनवरचे बोलणे म्हणजे पोच नव्हे, जिन्यात झालेले बोलणे तर नव्हेच. मालक कितीही सज्जन असोत (आमचे होते, थकबाकीची नोटीस त्यांच्या मुलाने पाठवली), पोच घ्यावीच. एकाच छताखालचे भाडेकरू एकत्र नोटीस देऊ शकतात. वाजवी मुदतीत काम झाले नाही, तर ते स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. महिना ४०० रुपये भाडे असेल, तर वर्षाला १,२०० रुपयेच. मी हे वाचले नव्हते. जास्त कापलेली रक्कम थकबाकी ठरवली जाते, आणि तिच्या मागणीची नोटीस देऊन नव्वद दिवस उलटले की घरमालकाला जागा खाली करून घेण्याच्या दाव्याचा रस्ता मोकळा होतो. शिवाय छताचा प्रकारच बदलायचा असेल, तर त्यांची लेखी संमती वेगळी घ्यावी, नाहीतर कायमचे बांधकाम केल्याचा आरोप आयताच मिळतो.

प्रत्यक्ष उतरवण्याच्या दिवशी मुले आणि म्हातारी माणसे दुसरीकडे पाठवावीत आणि भांडी, धान्य, अंथरूण झाकून ठेवावे. पत्रे आधी पाण्याने भिजवावेत, बोल्ट सोडवून अख्खे खाली घ्यावेत, करवत किंवा ग्राइंडर लावू देऊ नये. आमच्याकडे ठेकेदाराच्या पोरांनी ते हातोडीने फोडले आणि मी खाली उभा राहून पाहत होतो. पत्र्यांवर थेट पायही देऊ नये, जुना पत्रा माणसाचे वजन पेलत नाही. रुमाल बांधून भागत नाही, अगदी बारीक धूळ अडवणारा, एफएफपी३ किंवा पी१०० दर्जाचा मास्क लागतो. कोरडा झाडू नको, ओले फडके वापरावे.

तुकडे जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी बांधून, वर ॲस्बेस्टॉस असे लिहून ठेवावेत आणि ते कुठे द्यायचे हे महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात आधीच विचारून घ्यावे. घंटागाडीत नाही, भंगारवाल्याला नाही.

बिले जपावीत. पहिल्यांदा भाडे कापून द्याल तेव्हा हिशेबाचे पत्र सोबत द्यावे. पोचेसह.