भाड्याच्या घरात काही बिघडलं तर घरमालकाकडून भरपाई कशी मागायची

गिझर बंद पडतो, छतातून पाणी ठिबकून गादी भिजते आणि आपण रागाच्या भरात पहिला मेसेज काय टाकतो, तर "तुम्ही कधी लक्षच देत नाही, या महिन्याचं भाडं मिळणार नाही". टाकून बरं वाटतं, पण त्याने काम होत नाही, कारण त्या एका वाक्यात तीन मागण्यांची खिचडी झालेली असते. बिघडलेलं दुरुस्त करून द्या ही एक, दुरुस्त होईपर्यंत भाडं कमी करा ही दुसरी, आणि माझ्या सामानाचं जे नुकसान झालं ते भरून द्या ही तिसरी. पहिलीला बहुतेक मालक हो म्हणतात, दुसरीवर घासाघीस होते आणि तिसरीवर खरं भांडण होतं. तिन्ही एकत्र मागितल्या की मालक तिसरीवरून वाद घालत बसतो आणि दुरुस्तीही लटकते. म्हणून दुरुस्ती लगेच मागा, पैशाचं नंतर, वेगळ्या मेसेजमध्ये.

आधी ॲग्रीमेंट काढून वाचा, खरंच वाचा. भिंती, छप्पर, पाइप, वायरिंग आणि घरासोबत दिलेल्या वस्तू साधारणपणे मालकाच्या गळ्यात असतात, बल्ब बदलणं वगैरे किरकोळ कामं आपल्या. सोबत सामानाची यादी जोडलेली असेल तर बिघडलेली वस्तू त्यात आहे का बघा. वापरून वापरून झिजलेली वस्तू वेगळी आणि आपण आपटून फोडलेली वेगळी, दुसऱ्या प्रकारात भरपाई मागायला गेलात तर उलट तुमच्याच डिपॉझिटवर येईल.

आता जो मुद्दा बहुतेकांना माहीतच नसतो तो. वस्तू बिघडली म्हणजे आपोआप तुमच्या सामानाची भरपाई मिळते असं नाही. बऱ्याच ठिकाणी प्रश्न हा असतो की मालकाला बिघाड माहीत होता का, किंवा माहीत असायला हवा होता का, आणि तरी त्याने काही केलं नाही का. पाइप मध्यरात्री अचानक फुटला, मालक सकाळी प्लंबर घेऊन हजर झाला, तर पाइपचा खर्च त्याचा पण तुमच्या भिजलेल्या कपाटाबद्दलची मागणी कमजोर. तेच छताला ओल आलीय हे तुम्ही 3 आठवडे आधी कळवलं होतं आणि तो "बघू, बघू" करत राहिला, तर मग तुमची बाजू भक्कम. त्यामुळे कुठे साधा डाग दिसला, स्विचमधून चरचर आवाज आला तरी त्याच दिवशी लिहून कळवायचं. फोनवर बोलणं झालं असेल तर फोन ठेवल्या ठेवल्या एक ओळ टाका, "आत्ता बोललो त्याप्रमाणे बेडरूमच्या छताला ओल आहे, तुम्ही शनिवारी माणूस पाठवतो म्हणालात". कटकट्या भाडेकरू वाटू म्हणून लोक हे टाळतात आणि नंतर तारीख सिद्ध करता येत नाही.

पुरावा गोळा करायचा तो पुसापुशीच्या आधी. एक फोटो लांबून, खोली कुठली ते कळेल असा, मग जवळून, आणि यंत्र असेल तर त्याच्या मागच्या मॉडेल नंबरच्या स्टिकरचाही. पाणी पडत असेल तर छोटा व्हिडिओ. मूळ फाइल फोनमधून डिलीट करू नका, कारण व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो कॉम्प्रेस होतो आणि त्यातली तारीख-वेळेची माहिती निघून जाते, ईमेलला जोडून पाठवलेला चांगला. खराब झालेलं सामान मालकाने बघेपर्यंत टाकू नका. आणि दुरुस्तीवाला आला की त्याच्याकडून बिलावर कारणाची एक ओळ लिहून घ्या, "पाइप जुना होऊन गंजल्यामुळे" आणि "चुकीच्या वापरामुळे" यातली कुठली ओळ तिथे आहे यावर अख्खं प्रकरण फिरतं!

नुकसान वाढू न देणं हे मात्र तुमचं काम. मेन व्हॉल्व्ह बंद करा, पाणी वायरिंगजवळ असेल तर मेन स्विच पाडा (उभं राहायची जागा कोरडी असेल तरच), सामान बाजूला घ्या. भिजलेल्या वस्तू 24 ते 48 तासांत वाळल्या नाहीत तर बुरशी धरू लागते. फ्रीज बंद पडला तर सारखा उघडून बघू नका, दार बंद ठेवलं तर फ्रीज साधारण 4 तास थंड राहतो, गच्च भरलेला फ्रीझर 48 तास, अर्धा भरलेला 24 तास. गादी 4 दिवस तशीच ओली ठेवली आणि मग नव्या गादीचे पैसे मागितले तर मालक विचारणारच की तुम्ही काय करत होतात, आणि तो बरोबर असेल.

मग हिशोब. भाड्यातली सूट काढायची तर महिन्याचं भाडं भागिले 30, गुणिले दिवस, गुणिले घराचा जेवढा भाग वापरता आला नाही तेवढा हिस्सा. दिवस तुम्ही कळवलं तेव्हापासून मोजा, आधीचे धरले तर वाद होतो. हिस्सा अंदाजानेच ठरतो, एक खोली बंद असेल तर पाव-तृतीयांश, घरात राहणंच अशक्य असेल तर पूर्ण. सामानाला नव्याची किंमत लावू नका, आजची लावा. गादी 8 वर्षं टिकते असं धरलं आणि 6 वर्षं वापरून झाली असेल तर पाव किंमत मागा, ड्रायक्लीनिंगने भागत असेल तर फक्त त्याचं बिल. गळतीमुळे पाण्याचं किंवा विजेचं बिल फुगलं असेल तर आधीच्या वर्षीच्या त्याच महिन्याचं बिल शेजारी ठेवा, हा खर्च मागायचा लोक हमखास विसरतात. मनस्तापाचे पैसे शक्यतो घालू नका, बाकीचा चोख हिशोबही त्यामुळे फुगवलेला वाटतो. सामानाचा विमा असेल तर तिथे लगेच कळवा, पण एकच नुकसान दोघांकडून वसूल करता येत नाही.

मेसेज साधा ठेवा, साधारण असा:

"नमस्कार काका, 5 तारखेला मी छताच्या गळतीबद्दल कळवलं होतं. दुरुस्ती 19 तारखेला झाली. मधले 14 दिवस छोटी बेडरूम वापरता आली नाही आणि 12 तारखेला गादी भिजली. फोटो, बिलं आणि हिशोब सोबत जोडलाय. ही रक्कम पुढच्या भाड्यातून वळती केली तर चालेल का? येत्या 10 दिवसांत कळवा, म्हणजे पुढचं भाडं त्याप्रमाणे भरता येईल."

काका म्हणा, मॅडम म्हणा, पण सूर हाच ठेवा. वळतं करायचा पर्याय मुद्दाम द्यायचा, खिशातून रोख काढून देण्यापेक्षा भाडं कमी घेणं मालकाला सोपं जातं. पण त्याचा लेखी होकार येईपर्यंत स्वतःच्या मनाने एक पैसाही कापू नका. पुष्कळ ठिकाणी भाडं थकवलं की बाकी सगळं बाजूला राहतं आणि थकबाकीदार म्हणून घर सोडायची वेळ तुमच्यावर येते. "घर सोडताना डिपॉझिटसोबत देतो" हेही तोंडी ऐकून घेऊ नका, तोपर्यंत दोघंही आकडा विसरलेले असतात.

नाही म्हणाला तर कारण लिहून मागा. तो अर्ध्यावर तयार असेल आणि रक्कम लहान असेल तर मी म्हणेन घ्या आणि मोकळे व्हा. रक्कम मोठी असेल तर मुदत घालून रीतसर पत्र द्या, त्यानंतर मध्यस्थी किंवा छोट्या दाव्यांचं कोर्ट, जिथे राहता तिथे जी सोय असेल ती, फक्त फी आणि खेपा धरून परवडतंय का ते आधी बघा.

पैसे मिळताना मालक किंवा एजंट एखादा कागद सहीला पुढे करतो, "आता माझी कोणतीही तक्रार नाही" असा. अशी मोघम सही करू नका, कुठल्या तारखेच्या कुठल्या बिघाडाबद्दल किती रक्कम मिळाली एवढंच त्यात लिहायला लावा, आणि काही दुरुस्ती बाकी असेल तर ती बाकी आहे हेही त्याच कागदावर येऊ द्या.