घरातली मंडळी सुरू करायचीय? आधी जेवणाचं बघा

सांगलीत आम्ही सात-आठ ख्रिस्ती जण रविवारी संध्याकाळी उपासनेला घरीच जमतो, हीच आमची घरातली मंडळी, त्यामुळे बरेच जण विचारतात आम्हाला पण करायचंय, सुरुवात कशी करू. पाळक (पास्टर) नाही, माइक नाही, पेटी वाजवणारा नाही म्हणून अडून बसू नका. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये २:४२ ते ४६ वाचा, पहिले ख्रिस्ती काय करायचे ते, शिक्षण, सहवास, भाकर मोडणं (येशूच्या आठवणीत भाकर वाटून खाणं, म्हणजेच प्रभुभोजन), प्रार्थना, आणि भाकर मोडायचे ते घरोघरी. बायबलमधलेच अक्विला आणि प्रिस्किल्ला तंबू करणारे नवरा-बायको, त्यांच्याच घरात मंडळी जमायची.

वेळ मात्र सगळ्यात उशिरा सुटणाऱ्याला विचारून ठरवा. आमचा एक भाऊ कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे, सुरुवातीला आम्ही सातलाच जेवून घ्यायचो आणि तो येईपर्यंत पातेल्यात नुसता भात उरलेला असायचा, मग एकदा १ करिंथ ११ (करिंथ शहरातल्या मंडळीला पौलाचं पहिलं पत्र, अध्याय ११) वाचताना ३३व्या वचनापाशी सगळे गप्प झालो, जेवायला एकत्र येता तेव्हा एकमेकांची वाट पाहा. करिंथात पण हेच चाललेलं, कोणी आधीच खाऊन मोकळे आणि कोणी उपाशी. आता तो साडेआठला येतो, हातपाय धुतो, मगच तवा चढतो.

भाकर मोडायला आम्ही ज्वारीचीच भाकरी घेतो, रोजच्या परातीतली. सोबतच्या प्याल्यातल्या रसाला फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगावची काळी द्राक्षं मिळतात, बाकी वर्षभर मूठभर काळ्या मनुका रात्री भिजत घाला, सकाळी त्याच पाण्यात उकळा, कुस्करा आणि सुती फडक्यातून गाळा. तुमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचे नियम असतील तर पाळकांशी आधी बोलून घ्या, भांडण नको.

एकानेच तासभर बोलायचं नाही, हे मी कळकळीने सांगते. १ करिंथ १४:२६ मध्ये प्रत्येकाजवळ काहीतरी असतं, कोणाकडे गीत, कोणाकडे शिकवण. आमच्यातल्या एका मावशींना वाचता येत नाही पण भजनं तोंडपाठ, त्यांनी सुरू केलं की पोरं आपोआप टाळ्या धरतात.

आणि बाप्तिस्मा झालाय का हे दारात विचारू नका. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशन सोडून आपल्या शेजारच्या साताऱ्यात देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती.

एक डबा ठेवा, ज्याला जमेल त्याने टाकायचं, कोणाचं औषधपाणी निघालं की त्यातून द्यायचं, हिशोब सगळ्यांसमोर. उठायच्या आधी पुढचा रविवार कोणाच्या घरी ते ठरवा, आणि कोरड्यास कोण आणणार ते पण.