मेथीदाणा भाजायचा की भिजवायचा?

मेथीदाणे हातात घेतले की मी आधी एकच गोष्ट ठरवते: मला त्यांचा वास हवा आहे की बुळबुळीतपणा? वास हवा असेल तर तापवायचे, बुळबुळीतपणा हवा असेल तर भिजवायचे. हे न ठरवता मेथी वापरली की बहुतेक वेळा फक्त कडूपणा पदरात पडतो.

भाजायला जाड बुडाची कढई घ्या. तेल नको, आच मंद, हात सतत हलता. पिवळा रंग जेमतेम एक छटा गडद झाला आणि खरपूस, गोडसर वास सुटला की दाणे लगेच गार ताटलीत काढा. गरम कढईत राहिले तर आच बंद असूनही ते भाजत राहतात. काळपट झालेले दाणे सरळ टाकून द्या. तो कडूपणा गुळाने जात नाही आणि चिंचेनेही नाही. पूड पूर्ण गार झाल्यावरच करा आणि थोडीच करा, कारण वास लवकर उडतो. ही पूड लोणच्याच्या मसाल्यात किंवा आमटी उतरवताना चिमूटभर घातली तरी पुरते.

फोडणीत मोहरी आधी तडतडू द्या, मग आच कमी करून मेथी घाला. चार माणसांच्या भाजीला पाव चमचा खूप झाला. रंग बदलू लागताच कांदा किंवा भाजी टाका, म्हणजे तेल थोडं निवतं आणि दाणे जळत नाहीत. लाल भोपळ्यासारख्या गोड भाजीला ही फोडणी मला सगळ्यात जास्त आवडते.

आता भिजवणं. मेथीत गॅलॅक्टोमॅनन नावाचा विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारा तंतू (फायबर) असतो. तो पाणी शोषून फुगतो आणि चिकट होतो. म्हणून दाणे रात्रभर तिप्पट-चौपट पाण्यात ठेवा. डाळ-तांदळाच्या आंबवायच्या पिठात ते वाटून घातले तर पीठ हलकं आणि मऊ होतं. मोड आणायचे असतील तर दाणे दिवसातून दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवा आणि मोड शिजवूनच खा. 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलाय जंतूंची मोठी साथ आली, तिचा माग मेथीच्या मोडांपर्यंत लागला होता. त्यात पन्नासच्या आसपास माणसं गेली. कच्चे मोड मी कुणालाच देत नाही.

औषध म्हणूनही मुख्य काम हाच तंतू करतो. मोठा चमचाभर, म्हणजे सुमारे 11 ग्रॅम दाण्यांत जवळपास 2.7 ग्रॅम तंतू असतो. पोट साफ होत नसेल तर चमचाभर भिजवलेले दाणे चावून खा आणि वर भरपूर पाणी प्या. नुसतं पाणी पिऊन दाणे फेकणं मला पटत नाही, बराचसा तंतू दाण्यातच राहतो. कोरडी पूड तर कधीच फाकू नका, ती घशात फुगून अडकू शकते.

जेवणातली साखर रक्तात हळू उतरण्यालाही या तंतूची मदत होते. पण ज्या अभ्यासांत रक्तातली साखर कमी झालेली दिसली, तिथे मेथी साधारण रोज 5 ग्रॅम किंवा जास्त होती. फोडणीतल्या चिमटीकडून ती अपेक्षा नको. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजची मेथी सुरू करू नका, साखर जास्तच खाली जाऊ शकते. रक्त पातळ करण्याचं औषध घेणाऱ्यांनीही विचारावं. गरोदरपणात स्वयंपाकापुरतीच ठेवा, औषधाच्या मात्रेत नको. शेंगदाणे किंवा हरभऱ्याची अॅलर्जी असेल तर मेथीही सोसेलच असं नाही, ती त्याच कुळातली आहे. रोज मेथी खाल्ली की घामाला आणि लघवीला काकवीसारखा वास येतो, त्याने घाबरू नका. तो सोटोलोन या घटकाचा वास आहे.

केसांना लावायला भिजवलेले दाणे गंधासारखे बारीक वाटा. त्यातल्या चिकटपणाने केस मऊ आणि सुटे होतात, नवे केस उगवतील असं मात्र मी कुणाला सांगत नाही. लेप अर्ध्या तासात, ओला असतानाच धुवा. वाळला की कण विंचरूनही निघत नाहीत.