रेज्जे मॉडेल वापरताना या चुका टाळा

हॅड्रॉन, म्हणजे प्रोटॉन-पायॉनसारखे क्वार्कचे बनलेले कण, उच्च ऊर्जेला एकमेकांवर आदळले की काय होतं याचा हिशोब करण्याची एक पद्धत म्हणजे रेज्जे मॉडेल. नवा विद्यार्थी आला की पंधरा दिवसांत तो मला एक आलेख आणून दाखवतो. सगळ्या ठिपक्यांमधून गुळगुळीत रेघ गेलेली, काय-स्क्वेअर (फिट किती जुळतो याचं माप) झकास, चेहरा फुललेला. मी विचारतो, "फेज कुठून आली?", म्हणजे टकरीचं वर्णन करणाऱ्या कॉम्प्लेक्स संख्येचा, अँप्लिट्यूडचा, कोन कुठून आला. मग शांतता. "सर, फिट तर बसलाय ना?"

बसणारच. चार-पाच मोकळे पॅरामीटर हाताशी असले की घसरत जाणारा कुठलाही वक्र बसवता येतो. खाली लिहिलेल्या चुका मी दरवर्षी बघतो. काही मी स्वतःही केल्या आहेत, त्यामुळे त्यांच्यावर जरा जास्तच लिहिलंय.

एकाच कणाची देवाणघेवाण थेट उच्च ऊर्जेला नेणं

पुस्तकात रो मेसॉनचा प्रोपगेटर (त्या एका कणाच्या देवाणघेवाणीचं सूत्र) सापडतो, तो उचलून शंभर जीईव्हीच्या (जीईव्ही हे ऊर्जेचं एकक) बीमला लावला जातो. स्पिन १ चा कण अदलाबदल झाला तर अँप्लिट्यूड एस च्या (वस्तुमानकेंद्रातून पाहिलेल्या एकूण ऊर्जेच्या वर्गाच्या) पहिल्या घाताने वाढतो, स्पिन २ चा असेल तर दुसऱ्या. म्हणजे जितका जास्त स्पिन, तितकी क्रॉस-सेक्शनची (टक्कर होण्याच्या शक्यतेच्या मापाची) उडी मोठी. निसर्गात असं काही दिसत नाही. तुलिओ रेज्जे यांनी १९५९ मध्ये कोनीय संवेग कॉम्प्लेक्स करून जी वाट काढली, तिचा हॅड्रॉनवाल्यांना झालेला फायदा हाच: एकेकटा कण न पाहता त्याच्या कुळातल्या सगळ्यांची मिळून एक ट्रॅजेक्टरी (स्पिन आणि वस्तुमानाचा वर्ग यांना जोडणारी रेघ) घ्यायची, आणि एस चा घात टी (टकरीत दिल्या-घेतल्या गेलेल्या संवेगाचा वर्ग) बरोबर बदलतो हे मान्य करायचं. रो ची ट्रॅजेक्टरी, म्हणजे अल्फा, साधारण ०.५ अधिक ०.९ टी. तिच्यात टी म्हणून ०.७७ जीईव्ही वस्तुमानाचा वर्ग घातला की १.०३ येतं, १.६९ चा घातला की ३.०७. स्पिन १ आणि स्पिन ३. हा हिशोब कागदावर एकदा स्वतः केल्याशिवाय मी कुणाला कोड उघडू देत नाही.

सिग्नेचर गाळणं

ही माझी लाडकी चूक, कारण हिने माझे तीन आठवडे खाल्ले.

वरच्या हिशोबात १ आणि ३ आले, २ कुठे गेला? स्पिन २ चा मेसॉन आहे, पण तो जवळपास त्याच रेषेवरच्या वेगळ्या ट्रॅजेक्टरीवर बसतो. सम आणि विषम स्पिनची कुळं वेगळी, आणि हा भेद सांगणारा गुणक म्हणजे सिग्नेचर: एक अधिक किंवा उणे ई चा (उणे आय पाय अल्फा) घात. हा गुणक अलंकार म्हणून लावलेला नसतो. एस आणि यू या दोन्ही चॅनेलचे (त्याच टकरीकडे पाहण्याच्या दोन बाजूंचे) कट (अँप्लिट्यूडच्या फलनातल्या फटी) हिशोबात घेतले की तो आपसूक येतो. तो गाळला तर तुमचं मॉडेल रो च्याच कुळातल्या स्पिन २ च्या अशा कणाचं भाकीत करतं जो अस्तित्वातच नाही. शिवाय अँप्लिट्यूडची सगळी फेज याच गुणकात असते.

माझी गोष्ट अशी. ऋण पायॉन प्रोटॉनवर आदळतो, बाहेर उदासीन पायॉन आणि न्यूट्रॉन येतात. विद्युतभार बदलणारी ही प्रक्रिया रेज्जेवाल्यांची कसोटी मानली जाते, कारण इथे मुख्य ट्रॅजेक्टरींपैकी फक्त रो चालते. डिफरन्शियल (टी नुसार मोजलेल्या) क्रॉस-सेक्शनमध्ये टी = उणे ०.६ जीईव्ही-वर्गाच्या आसपास ठळक खळगा आहे. मी घाईत होतो. सिग्नेचरच्या जागी एक ठेवला, अँप्लिट्यूड पूर्ण रिअल झाला, आणि खळगा आणण्यासाठी रेसिड्यूला (ट्रॅजेक्टरीचा जोर ठरवणाऱ्या गुणकाला) चौथ्या घाताची पॉलिनॉमियल जोडली. फिट असा बसला की बघत राहावं.

आमच्या मार्गदर्शकांनी आलेख पाहून एवढंच विचारलं, "अरे, खळगा तिथेच का?" मी म्हणालो, "पॉलिनॉमियल तसं सांगते." त्यांनी दुसरी प्रक्रिया पुढे टाकली: फोटॉन प्रोटॉनवर आदळून उदासीन पायॉन निघतो ती. तिथे ओमेगा मेसॉनची देवाणघेवाण, आणि खळगा जवळपास त्याच ठिकाणी. माझी पॉलिनॉमियल तिथे निरुपयोगी, पुन्हा नव्याने बसवा. मग त्यांनी फळ्यावर गॅमा फलन (एक उणे अल्फा) गुणिले सिग्नेचर असं लिहिलं आणि अल्फा शून्य ठेवला. गॅमा सांत, सिग्नेचर शून्य. अल्फा शून्य होतो तो टी = उणे ०.५ भागिले ०.९, म्हणजे उणे ०.५६ ला. खळगा फुकट मिळाला, एकही पॅरामीटर न खर्चता, आणि दोन्ही प्रक्रियांत. मी मान खाली घालून जुनी फाइल पुसून टाकली.

गोष्टीला शेपूट आहे. सिग्नेचर बरोबर लावल्यावर या प्रक्रियेत पोलरायझेशन (स्पिनच्या दिशेवर अवलंबून असणारा फरक) शून्य यायला हवं, कारण एकच रो पोल (एकच ट्रॅजेक्टरी) असेल तर दोन्ही स्पिन-अँप्लिट्यूडची फेज सारखीच. साठच्या दशकातल्या प्रयोगांत ते शून्य आलं नाही. म्हणजे एकट्या पोलने भागत नाही, रेज्जे कट (एकाहून अधिक देवाणघेवाणींतून येणारा भाग) वगैरे काहीतरी आणखी आहे. पण मॉडेल कुठे तोकडं पडतं हे फेज नीट ठेवली तरच दिसतं. माझ्या पॉलिनॉमियलवाल्या फिटने ते कधीच दाखवलं नसतं, तो सगळं गिळून बसला असता.

हाच धडा पोमेरॉनला, म्हणजे फार उच्च ऊर्जेला वरचढ ठरणाऱ्या ट्रॅजेक्टरीला. इंटरसेप्ट (टी शून्य असताना अल्फाचं मूल्य) १.०८ घेतला की पुढच्या दिशेतल्या अँप्लिट्यूडच्या रिअल आणि इमॅजिनरी भागांचं गुणोत्तर ०.१२६ ठरलंच, मोकळं काही उरलं नाही. तरी लोक ते गुणोत्तर वेगळा पॅरामीटर म्हणून फिटमध्ये सोडतात! सर्नच्या टोटेम प्रयोगाने १३ टीईव्हीला (१ टीईव्ही म्हणजे १००० जीईव्ही) ते ०.१० च्या आसपास मोजलं. ही तफावत ओडेरॉनच्या (पोमेरॉनच्या विषम सिग्नेचरवाल्या जोडीदाराच्या) बाजूने दिला जाणारा एक पुरावा आहे. ओडेरॉनची कल्पना १९७३ ची, आणि फर्मीलॅबचा डी-झीरो व टोटेम या प्रयोगांची एकत्रित तुलना प्रसिद्ध झाली २०२१ मध्ये. गुणोत्तर मोकळं सोडणाऱ्याला यातलं काहीच जाणवलं नसतं.

एस आणि एस चं वर्गमूळ

डोनाकी आणि लँडशॉफ यांचा १९९२ चा फिट सगळेच वापरतात: प्रोटॉन-प्रोटॉनसाठी २१.७ गुणिले एस चा ०.०८०८ वा घात, अधिक ५६.०८ गुणिले एस चा उणे ०.४५२५ वा घात. उत्तर मिलिबार्नमध्ये (क्रॉस-सेक्शनचं एकक), एस जीईव्ही-वर्गात. ७ टीईव्हीला सुमारे ९१ मिलिबार्न यायला हवेत. एकाने माझ्याकडे ४५ आणले. एस च्या जागी ७००० घातले होते, वर्ग न करता. बरं, चूक होते. पण त्याने मोजलेल्या ९८ शी जुळावं म्हणून पुढे २.२ चा गुणक लावला आणि खाली "उच्च क्रमाचे परिणाम" असं लिहिलं. त्या दिवशी मी चहा अर्धा टाकून उठलो.

माझी सवय: कुठलाही फिट कोडमध्ये घालण्याआधी एक मूल्य कॅल्क्युलेटरवर काढायचं.

फ्रॉइसार्टचा बागुलबुवा

"सर, घात धन आहे म्हणजे फ्रॉइसार्टची मर्यादा मोडली." ही मर्यादा म्हणते की क्रॉस-सेक्शन लॉग एस च्या वर्गापेक्षा वेगाने वाढू शकत नाही. अनंताला मोडेल, हो. पण मर्यादेतला गुणांक पाय भागिले पायॉन-वस्तुमानाचा वर्ग, म्हणजे ६० मिलिबार्नच्या वर. लॉगमधली मोजपट्टी १ जीईव्ही-वर्ग धरली तर ७ टीईव्हीला मर्यादा येते सुमारे २० बार्न, आणि मोजलेलं क्रॉस-सेक्शन तिच्या दोनशेव्या हिश्श्याच्या आसपास. त्या भिंतीला धडकायला अजून पुष्कळ अवकाश आहे. खरी अडचण इम्पॅक्ट पॅरामीटरच्या (दोन कण एकमेकांपासून किती अंतरावरून जातात त्याच्या) चित्रात, अगदी मध्यभागी, आधी दिसते. युनिटॅरिटी (सगळ्या शक्यतांची बेरीज एकच राहते ही अट) तपासायची तर तिथे तपासा.

आणि एकदा आयकोनल (एकाहून अधिक देवाणघेवाणी हिशोबात घेण्याची रीत) लावलात की १.०८ तसाच ठेवू नका. तो परिणामी इंटरसेप्ट आहे. आयकोनल क्रॉस-सेक्शन कमी करतं, त्यामुळे मूळचा इंटरसेप्ट जास्त लागतो आणि सगळं पुन्हा बसवावं लागतं.

एकच गोष्ट दोनदा मोजणं

कमी ऊर्जेला एस-चॅनेलचे रेझोनन्स (टकरीत क्षणभर तयार होणारे कण), त्यावर टी-चॅनेलची रेज्जे देवाणघेवाण, दोन्हींची बेरीज. दिसायला सोज्वळ, पण डोलेन, हॉर्न आणि श्मिड यांनी १९६७-६८ मध्ये याच पायॉन-न्यूक्लिऑन प्रक्रियेवर दाखवलं की रो ची रेज्जे रेघ खाली ओढली तर ती रेझोनन्सच्या चढउतारांची सरासरीच देते. ज्याचं वर्णन एकाने झालं तेच दुसऱ्याने पुन्हा केलं. व्हेनेझियानोचा १९६८ चा अँप्लिट्यूड याच ओढीतून आला. पोमेरॉनचं प्रकरण वेगळं: तो रेझोनन्सशी नाही, पार्श्वभूमीशी जोडला जातो, म्हणून तो वरून मिळवता येतो. कुठली ट्रॅजेक्टरी मिळवायची आणि कुठली नाही, हे न बघता सगळं एका भांड्यात ओतणारे अधीर लोक मला कळतच नाहीत.

बाकीच्या, थोडक्यात

अँप्लिट्यूडचं नॉर्मलायझेशन (पुढे लावायचा ठरीव गुणक) दोन लेखांतून उसनं घेऊ नका. सोळा गुणिले पाय असा गुणक इकडचा तिकडे झाला की पन्नासपट फरक, आणि ही चूक फिट निमूट पचवतो.

नव्वद अंशांवरचे ठिपके रेज्जे फिटमध्ये घालू नका. एस मोठा आणि टी लहान, अशीच ही भूमी आहे. ठरावीक मोठ्या कोनावर प्रोटॉन-प्रोटॉनचा डिफरन्शियल क्रॉस-सेक्शन साधारण एस च्या उणे दहाव्या घाताने पडतो, तिथे हिशोब क्वार्क मोजून होतो.

टी अगदी शून्याजवळ, ०.००१ जीईव्ही-वर्गाच्या परिसरात, कूलंब भाग (विद्युतभारांमुळे येणारा) सोडून दिलेला फिट मी वाचतसुद्धा नाही.

बीएफकेएलचा (क्वार्क-ग्लुऑनच्या सिद्धांतातून काढलेल्या पोमेरॉनचा) पहिल्या क्रमाचा इंटरसेप्ट (कपलिंग ०.२ असेल तर एकच्या वर सुमारे ०.५३) घेऊन एकूण क्रॉस-सेक्शन बसवणारे दर सत्रात दोघे-तिघे निघतात. पुढच्या क्रमाची दुरुस्ती त्याच कपलिंगला तो एकच्या खाली ढकलते, हे सांगितलं की म्हणतात, "मग पुढचा क्रम सोडून देऊ."